चोवीस तासांची पिशवी

पहाटे चार वाजता ओले झालेले हात आक्कानं सातला पहिल्यांदा कोरडे केले. कमरेला बांधलेल्या रबरी एप्रनची आतली बाजू तेवढी सुकी होती, तिलाच पुसले. समोर भिंतीला लागून दहा पेट्या तयार होत्या. पेटीत चार पिशव्या, पिशवीत तीन मासे. एकशे वीस.

मासे साधेसुधे नव्हते. गोल आणि चपटे, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना चकती म्हणत. ही अजून पिल्लंच, पेल्याच्या तोंडाएवढी, पण अंगावरच्या निळ्या रेघा पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ. त्या रेघा सरळ करायला आक्काची नऊ वर्षं गेली होती. कुठल्या मादीला कुठला नर, कुणाची पिल्लं ठेवायची, कुणाची नाही, सगळं तिच्या डोक्यात. त्यातून चकती म्हणजे महानखरेल जात. पाणी जरा बदललं की रुसते, एकदम उजेड पडला की काळवंडते, आणि बिनसलंच तर आपली अंडी आपणच गिळून मोकळी होते. आक्का म्हणायची, "सासू सांभाळणं सोपं. ती निदान बोलून तरी दाखवते."

जगाच्या पार दुसऱ्या टोकाला एक मोठं मत्स्यालय उभं राहत होतं. त्यांनी कुठं तरी या रेघांचे फोटो पाहिले आणि एकशे वीस पिल्लं मागवली. मागे उरल्या चार म्हाताऱ्या जोड्या आणि जास्तीची सहा पिल्लं. बाकी आक्काचा सगळा वंशविस्तार त्या दहा पेट्यांत बंद होता. आणि आक्काचं वय त्रेसष्ट. हे वाटेत मेले, तर आणखी नऊ वर्षं आणायची कुठून?

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. आत काचेच्या टाक्यांच्या रांगा, हवेच्या पंपाची अखंड गुरगुर, आणि टोकाला पॅकिंगची खोली. या खोलीचा एक कायदा होता. मासे पिशवीत घालायचे, थोडं पाणी, वर भरपूर प्राणवायू, तोंडाला दोन रबरं. मग पिशवी बांधणाऱ्यानं मेणाच्या पेन्सिलीनं तिच्यावर आकडा लिहायचा. तेवढे तास आतला जीव टिकणार, हा त्याचा शब्द. आकडा ज्याचा, मासा त्याचा. कमी तासांचा प्रवास असेल तर पिशवीत मासे जास्त, लांबचा असेल तर कमी. सगळी विद्या त्या एका आकड्यात.

दुसरा कायदा साक्षीदाराचा. प्रत्येक मालातली एक पिशवी, जशीच्या तशी बांधलेली, खोलीतल्या फळीवर ठेवायची. तिकडे पेट्या उघडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. ती पिशवी काय म्हणते त्यावरून पेट्यांत काय चाललंय ते कळायचं.

आज चाळीस पिशव्यांवर आणि फळीवरच्या एकेचाळिसाव्या पिशवीवर आक्काच्या अक्षरात आकडा होता चोवीस.

तो आकडा दिला होता जावईबापूंनी. थोरल्या मालकांचे हे जावई. मालक गेल्यावर कारखाना मुलीकडे आला. तिला सगळे ताई म्हणत. ऑफिस जावईबापूंनी घेतलं. माणूस शिकलेला, मनानं चांगला, फक्त शर्ट नेहमी असा पांढरा की मासे हाताळणाऱ्या खोलीत त्याला उभं करायचीच भीती वाटावी. या ताईनंच कॉलेजात असताना आक्काला अक्षरं शिकवली होती. आक्का तेव्हा चौपन्नची. आकडे तिला पिशव्यांमुळे येतच होते, त्यांच्या मागून अक्षरं आली. आता ती बोट ठेवून सगळं वाचायची. पण हातानं लिहिलेल्या चिठ्ठीशी ती भांडायची, छापील कागदाशी नाही. छापलेल्याचा तिला अजून धाक होता.

आणि इथंच ती चुकली होती. आजवर लांबचा माल निघाला की ती पेटी पायी चालवायची. म्हणजे टेबलाच्या फरशीवर तासाला एक रेघ ओढत जायची. हा तास ट्रकमध्ये, हा गोदामात, हा विमानात. प्रत्येक रेघेला पेटी कुणाच्या हातात आहे ते विचारायची, आणि शेवटी रेघा मोजून आकडा लिहायची. या वेळी जावईबापूंनी कॉम्प्युटरवरून स्वच्छ छापलेला कागद आणला, त्याच्या खाली ठळक अक्षरात "एकूण २४ तास". त्या कागदापुढं फरशीवर रेघोट्या मारायची आक्काला लाज वाटली.

"काय आक्का, झालं?" जावईबापू दारातूनच म्हणाले. त्यांच्या हातात पेट्यांवर चिकटवायचे विमान कंपनीचे कागद होते. "नऊला ट्रक येईल. दोन तास आहेत. बसा जरा, चहा घ्या."

"चहा काय, आता अंघोळच घ्यायला हवी," मिरची म्हणाली. ही आक्काच्या हाताखालची. नाव दुसरंच होतं, पण जिभेवरून तिला मिरची म्हणत आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. "तुम्ही असे दाराबाहेर का, जावईबापू? आत या की. मासे चावत नाहीत. आम्ही चावतो."

सिलिंडरपाशी बसलेले मामा खो-खो हसले. नळ्या, पंप, प्राणवायूची टाकी हे सगळं मामांकडं.

आक्कानं कागद घेतले आणि चिकटवायच्या आधी वाचायला लागली. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाची ही खोडच असते, अक्षर समोर आलं की ते सुटत नाही. आक्का साबणाचं वेष्टनसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

"जावईबापू, इथं विमानं दोन आहेत."

"हो, मध्ये एकदा बदलतात. त्याचं काय?"

"काही नाही. मला वाटलं एकच." तिचं बोट पुढं सरकलं. "पहिलं दुपारी बाराला सुटतं. तिथं मध्ये उतरतं चारला."

"बरोबर."

"आणि पुढं लिहिलंय, उडण्याचा वेळ सात तास."

"हं."

"बाराला निघालं, चारला उतरलं, आणि उडालं सात तास?" आक्कानं मान वर केली. "बारा ते चार माझ्या बोटांवर चारच होतात. मधले तीन कुठं गेले?"

"छापताना चुकलं असेल," मिरची म्हणाली.

"मग खालीही चुकलंय. दुसरं विमान रात्री साडेबाराला सुटतं, पहाटे पाचला पोचतं. ते साडेचार. आणि हे म्हणतात साडेदहा. इथले सहा गेले." आक्का जरा ओशाळून हसली. "माझंच काहीतरी चुकत असेल हो. पण तीन आणि सहा, नऊ तास हरवलेत. विमान काय तास वाटेत सांडत जातं?"

जावईबापू आत आले. कागद हातात घेतला. एकदा वाचला, दोनदा वाचला. मग एक बादली उपडी होती तिच्यावर, पांढऱ्या विजारीसकट, मटकन बसले.

"आक्का," ते म्हणाले, "घड्याळं वेगळी आहेत."

"कुठली?"

"तिन्ही. आपलं वेगळं, मधल्या विमानतळाचं वेगळं, शेवटचं वेगळं. कागदावरची वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. ते लोक आपल्या नऊ तास मागं आहेत. आपल्याकडं दुपारचे दोन वाजतात तेव्हा त्यांच्याकडं पहाटेचे पाच." त्यांनी डोकं धरलं. "मी आपल्या बारापासून त्यांच्या पाचपर्यंत मोजले. सतरा आले, अलीकडचे-पलीकडचे सात धरून चोवीस. अहो, हे मला काय माहीत नाही? शाळेतल्या पोरालाही माहीत असतं."

"पण तुम्ही अंतरावरून पुन्हा ताळाही करून बघितला होता ना? कॉम्प्युटरवर?" आक्कानं विचारलं.

"तेच तर! दोन विमानतळांमधलं अंतर टाकलं. तेरा हजार किलोमीटर, वेळ सोळा तास, असं आलं. पण ते सरळ उडालं तर. आपलं विमान वळसा घेऊन जातंय, मध्ये साडेआठ तास नुसतं थांबतंय. ते सोळा आणि माझे सतरा जवळजवळ जुळले, म्हणून मी पुन्हा बघितलंच नाही."

"म्हणजे दोन्ही साक्षीदार खोटे, आणि एकमेकांना सामील," मिरची म्हणाली. पण या वेळी मामा हसले नाहीत.

आक्कानं मेणाची पेन्सिल उचलली आणि फरशीवर रेघा ओढल्या. आता लाज वाटायला वेळच नव्हता. विमान सुटेपर्यंत पाच. पहिल्या विमानात सात. थांबण्याचे साडेआठ. दुसऱ्यात साडेदहा. उतरल्यावर मत्स्यालयात नेईपर्यंत दोन. मोजल्या. तेहेतीस.

आक्काच्या हातची चोवीसची पिशवी अठ्ठावीस तास तग धरायची हे सगळ्यांना माहीत होतं. तिसाव्या तासाला काय होतं तेही माहीत होतं.

जावईबापूंनी खिशातून फोन काढला.

"मी विमान कंपनीला कळवतो," जावईबापू उठले. "माल रद्द. मत्स्यालयाला सांगतो, चूक माझी आहे."

"चूक तुमची कशी? पिशवीवर आकडा माझा आहे."

"तुम्हाला तो मी दिला."

"दिला म्हणून मी घेतला का? चाळीस पिशव्या चोवीस लिहिताना माझा हात कुणी धरला होता?"

"अरे वा," मिरची म्हणाली, "चुकीवरसुद्धा दोघांचा हक्क! वाटून घ्या नंतर. आक्का, आता करायचं काय ते बोला."

आक्का एका पेटीपाशी गेली, झाकण काढलं आणि आत बघत राहिली. मासे दोन दिवस उपाशी होते. प्रवासाआधी तसे ठेवावेच लागतात, नाहीतर पिशवीतलं पाणी घाण होतं. आता रद्द करून परत टाकीत सोडायचे, खाऊ घालायचे, पुन्हा उपाशी ठेवायचे. चकती एवढे हाल सहन करत नाही. निम्मे इथंच गेले असते.

"जाणार," आक्का म्हणाली. "आजच जाणार. पिशवीत तीनऐवजी दोन घालायचे, आणि आकडा छत्तीस."

"साठ पिशव्या होतील," मिरचीनं लगेच हिशेब मांडला. "पेटीला चार, म्हणजे पंधरा पेट्या. विमानात जागा दहाची."

"वजनही ठरलेलं आहे," जावईबापू म्हणाले. "एक किलो वाढवून घेणार नाहीत."

"वजन वाढत नाही. आधी चाळीस पिशव्यांत तीन-तीन लिटर पाणी होतं, आता साठांत दोन-दोन घालू. पाणी तेवढंच, वर हवा मात्र जास्त." आक्का अजून पेटीतच बघत होती. पिशव्या उभ्या होत्या, त्यांच्या बांधलेल्या माना वर, आणि मानांभोवती नुसती पोकळी. निम्मी पेटी त्या मानाच खात होत्या. तिनं एक रिकामी पिशवी घेतली, दोन लिटर पाणी घातलं, त्यात एक पिल्लू सोडलं, मामांकडून प्राणवायू भरून घेतला, तोंड बांधलं आणि पिशवी टेबलावर आडवी ठेवली. उशीसारखी.

"आडवी?" मामा उभे राहिले. "आक्का, चकती कधी आडव्या पिशवीत गेली नाही. ती उभ्या अंगाची. पाणी उथळ पडलं तर लोळेल."

"मोठी लोळेल. ही बाळं आहेत."

चौघंही टेबलावर वाकले. पिल्लू आधी कोपऱ्यात पळालं. मग हळूच मध्ये आलं, पंख पसरले आणि ताठ उभं राहिलं. त्याच्या पाठीवर अजून दोन बोटं पाणी होतं.

"उभी पिशवी म्हणजे विहीर," आक्का म्हणाली. "वर हवा, पण तळाशी पोचते कुठं? आडवी म्हणजे परात. हवा सगळ्या अंगानं पाण्याला लागते. दोन थर करू, तीन खाली, तीन वर, मध्ये पुठ्ठा. साठ पिशव्या दहा पेट्यांत बसतात."

"आणि नाही टिकले तर?" जावईबापूंनी विचारलं.

"तर माझा आकडा," आक्का म्हणाली. "बाह्या वर करा. माणूस कमी आहे."

मग जे सुरू झालं ते त्या खोलीनं आधी पाहिलं नव्हतं. दोन तासांत साठ पिशव्या, म्हणजे पिशवीला दोन मिनिटं. मिरची जुन्या पिशव्या फोडून मासे पसरट टबात घेत होती. आक्का जाळी न वापरता ओंजळीनं मासे उचलत होती, कारण जाळीनं अंगावरचा चिकट थर निघतो. मामा प्राणवायू भरत होते. जावईबापूंकडं रबरं आली. पहिल्या पिशवीला त्यांनी रबर असं लावलं की सगळं पाणी त्यांच्याच तोंडावर आलं. नशीब, आत मासा नव्हता.

"हं, झाली अंघोळ," मिरची म्हणाली. "आता कामाला लागा. पिळा, दुमडा, मग रबर. पिळा, दुमडा, रबर. ताईनं कधी धुणं पिळायला लावलं नाही वाटतं?"

"लावते," जावईबापू दात-ओठ खात म्हणाले. "पण धुण्यात जीव नसतो."

दहाव्या पिशवीपर्यंत त्यांना जमलं. तिसाव्यापर्यंत ते मिरचीला "लवकर, लवकर" म्हणायला लागले. पिशवीच्या कोपऱ्यात मासा अडकून गुदमरतो, म्हणून कोपरे आत दुमडून चिकटपट्टी लावायची, तेही त्यांनीच अंगावर घेतलं. शर्टाचा रंग आता टाकीच्या तळासारखा झाला होता.

पावणेनऊला बाहेर हॉर्न वाजला. त्रेपन्न झाल्या होत्या. पुन्हा वाजला. छप्पन्न. ड्रायव्हर आत आला, म्हणाला, "अहो, विमान माझ्या घरचं आहे का?"

"तुझ्या घरचं असतं तर आम्ही बसलो असतो का इथं?" मिरची खेकसली. "उचल त्या सहा पेट्या. बाळंतिणीला उचलतात तशा."

नऊ वाजून दहा मिनिटांनी ट्रक फाटकातून बाहेर पडला. साठ पिशव्यांवर आकडा छत्तीस. जास्तीच्या पिल्लांतली दोन घेऊन आक्कानं नवा साक्षीदार बांधला आणि फळीवर आडवा ठेवला. शेजारी पहाटे पाचला बांधलेला जुना साक्षीदार उभा होता. तीन मासे, चोवीस तास. घाईत तो तसाच राहिला होता. आक्का त्याच्याकडं हात नेत होती, पण जावईबापू म्हणाले, "राहू दे आक्का. मला बघायचंय."

आक्कानं हात मागं घेतला. "राहू दे. पण लोळायला लागले की मी उघडणार. जीव आहे तो."

त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नव्हतं. ताई बाहेरगावी होती. तिला जावईबापूंनी फोनवर सगळं सांगितलं, आपली चूक आधी. मग फोन आक्काकडं दिला. ताई म्हणाली, "आक्का, तू जे केलंस ते बरोबरच असेल." आक्का म्हणाली, "तू आपली शहाणी. मासे काय म्हणतात ते बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आक्का आली, तर जावईबापू तिच्या आधी येऊन फळीसमोर बसलेले. उभ्या पिशवीतले तिघं तळाशी होते, कल्ले भरभर हलत होते. आडव्या पिशवीतले दोघं मात्र शेजार्‍यांच्या भांडणाकडं बघावं तसे निवांत.

दहा वाजता, एकोणतिसाव्या तासाला, उभ्या पिशवीतला एक मासा कलला. सावरला, पुन्हा कलला. दुसऱ्यानं तोंड पाण्याबाहेर काढलं. आक्कानं पिशवी उचलली ती थेट टाकीवर नेऊनच फोडली. एकाला ओंजळीत धरून हवेच्या बुडबुड्यांसमोर हलवत राहिली, दुसऱ्याला मिरचीनं धरलं. ते दोघं शुद्धीवर आले. तिसरा नाही आला.

आक्कानं त्याला ओल्या कागदावर ठेवलं. निळ्या रेघा अजून चमकत होत्या.

"पेट्या अजून हवेत आहेत," जावईबापू हळू आवाजात म्हणाले. "उतरायला चार तास." त्यांनी चष्मा पुसला. "काल तुम्ही तो कागद वाचला नसता, तर आत्ता एकशे वीस…"

"वाचला ना? मग झालं." आक्कानं हात धुतले. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. चला, बाकीच्या टाक्यांना खायला घालायचंय."

पण आडव्या पिशवीपुढून जाताना ती प्रत्येक वेळी थांबायची.

दुपारी दोनला जावईबापूंच्या फोनवर कळलं, विमान उतरलं. अडीच. तीन. मामांनी पंपाचं नसलेलं दुखणं तीनदा दुरुस्त केलं. मिरचीनं धुतलेलाच टब पुन्हा धुवायला घेतला. चारला पाच मिनिटं असताना फोन वाजला आणि त्यात एक उंच बाई दिसली. पांढरा कोट, केस वर बांधलेले, मागं खिडकीत कोवळी सकाळ. जावईबापू तिच्या भाषेत बोलले आणि इकडं सांगत गेले.

"पेट्या आल्यात. उघडते म्हणतेय."

"दिवे घालवायला सांगा," आक्का एकदम म्हणाली. "अंधारातून आलीत ती. एकदम उजेड नको."

तिकडचे दिवे मंद झाले. बाईनं पहिली पिशवी उचलून फोनसमोर धरली. अंधूक प्रकाशात दोन गोल सावल्या. हलेनात. आक्का फोनवर वाकली. मग बाईनं पिशवीला बोट लावलं, आणि दोन्ही सावल्या सर्रकन वळल्या.

"दोन," आक्का म्हणाली.

दुसरी पिशवी. "चार." तिसरी. "सहा."

पहिली पेटी झाली, बारा. दुसरी झाली, चोवीस. आता मिरचीही मोजायला लागली, मामाही. साठला जावईबापूंचा आवाज इतका चढला की तिकडची बाई हसली आणि तीही आपल्या भाषेत मोजायला लागली. आकडे दोन भाषांत, पण एकाच तालात. शंभर झाले तेव्हा मामा बादलीवर उभे होते. एकशे आठला नववी पेटी संपली.

दहावी पेटी उघडली आणि बाई थांबली. काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"ही पेटी वाटेत कुणीतरी उलटी ठेवलीय," जावईबापूंचा चेहरा उतरला. "खालचा थर वर गेलाय. पाच पिशव्या ठीक आहेत. एकीतली हवा कमी झालीय. त्यातला एक बरा आहे. एक आडवा पडलाय."

"दाखव म्हणा."

फोन जवळ गेला. पिल्लू कुशीवर पडलेलं, पण एक कल्ला, अगदी मंद, उघडला आणि मिटला.

"जिवंत आहे तो!" आक्कानं फोन हिसकावूनच घेतला. "बाई, पिशवी फोडा! फोडा म्हणा! जाळी नको, हातात घ्या. हवेची नळी आहे ना, तिच्यासमोर तोंड करून धरा. असं. शेपटीकडून नाही हो, तोंडाकडून! पुढं-मागं, हळू. झोळीतल्या बाळासारखं."

जावईबापू धापा टाकत भाषांतर करत होते, पण अर्ध्याची गरजच नव्हती. आक्का रिकाम्या ओंजळीनं इकडं करून दाखवत होती आणि तेरा हजार किलोमीटरवरची बाई कोट ओला करून तसंच करत होती. पुढं, मागं. पुढं, मागं. एक मिनिट. दोन. मिरचीनं मामांचा दंड इतका घट्ट धरला की तिथं नंतर निळं पडलं. तिसऱ्या मिनिटाला बाईनं ओंजळ थोडी सैल केली. पिल्लू कललं. सरळ झालं. पुन्हा कललं. मग त्यानं शेपटीचा एक फटका मारला, बाईच्या तोंडावर पाणी उडवलं आणि ओंजळीतून निसटून गेलं.

"एकशे वीस," आक्का म्हणाली. आधी हळू, स्वतःशीच. मग घशाच्या शिरा ताणून, "एकशे वीसच्या एकशे वीस!"

त्यानंतरचा गोंधळ सांगता येत नाही. तिकडं पाच-सहा लोक टाळ्या वाजवत होते. इकडं मामा बादलीवरून पडले आणि पडल्या पडल्या हसत राहिले. जावईबापू कालच्याच मळक्या शर्टात मिरचीशी हात मिळवायला गेले, तर तिनं त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा टाकीत गेला. बाईनं फोनमध्ये काहीतरी विचारलं. जावईबापू चष्म्यावरचं पाणी झटकत म्हणाले, "विचारतेय, हे कुणी बांधलं? म्हणतेय, एवढ्या लांबून एकही न मेलेला माल तिनं आजवर पाहिला नाही."

"तुम्ही काय सांगितलं?"

"अजून काही नाही. तुम्हीच सांगा."

आक्कानं फोनकडं बघितलं. हात एप्रनला पुसले. शेवटी छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी." तेवढं त्या बाईला भाषांतराशिवाय कळलं. तिनं तिकडून मान लववली.

मग आक्काला आत बसवेना. एप्रन तसंच, पायांत रबरी बूट तसेच, ती फाटक उघडून रस्त्यावर आली. समोरच्या पंक्चरच्या दुकानातला माणूस टायर सोडून बघायला लागला. नऊ वर्षं समोरासमोर, पण आक्काला त्यानं कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"काय हो आक्का, एवढा आरडाओरडा? लॉटरी लागली का?"

"माझी पोरं पोचली!" आक्का म्हणाली. "एकशे वीस!"

त्यानं पाना खाली ठेवला. "एकशे वीस पोरं?"

"एकशे वीस! एकही गळला नाही. तेरा हजार किलोमीटर, दोन विमानं, एकतीस तास!" आणि तिनं त्याच्या दुकानासमोरच्या टायरवर बैठक मारली. "बस इथं. पहिल्यापासून सांगते."